कामावर झालेली इजा आणि घराचा निर्वाह

भय, भूक, संपत्तीची हानी, जीविताची हानी आणि उत्पन्नातील घट यांद्वारे श्रद्धावंतांची परीक्षा घेतली जाईल, असे दिव्य कुरआनने आधीच सांगून ठेवले आहे. आणि त्या परीक्षेत धीर धरणाऱ्यांना शुभवार्ताही दिली आहे (सूरह अल्-बकरा, 2:155). कष्टकऱ्याच्या घरात ही परीक्षा अनेकदा एकाच क्षणी सर्व बाजूंनी येते. पॉवर प्रेसखाली बोटे सापडतात, बांधकामाच्या परांचीवरून पाय निसटतो, फाउंड्रीत तापलेला रस अंगावर उडतो, आणि सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेला कर्ता माणूस संध्याकाळी रुग्णालयाच्या खाटेवर असतो. त्या दिवसापासून मजुरी थांबते. पण घरभाडे, किराणा, मुलांची फी आणि औषधे थांबत नाहीत.

अशा वेळी घरातील माणसे दोन प्रकारे चुकतात. काही जण सब्र म्हणजे गप्प बसणे असे समजून हक्काचा पैसाही सोडून देतात. काही जण घाबरून पहिल्या आठवड्यातच सावकाराच्या किंवा फायनान्सवाल्याच्या दारात उभे राहतात, आणि जखम भरून आली तरी व्याज भरून होत नाही. इस्लामची शिकवण या दोहोंपासून वाचवणारी आहे. त्या शिकवणुकीनुसार आधाराचा एक क्रम आहे: प्रथम हक्क, मग आप्तांचे सहकार्य, मग बिनव्याजी कर्ज, आणि गरज पडल्यास जकात. हा क्रम या लेखात समजून घेऊ.

सब्र म्हणजे मौन नव्हे

प्रेषित याकूब (अ.) यांचे सब्र कुरआनने सुंदर म्हटले आहे. पुत्रवियोगाने त्यांची दृष्टी गेली, तरी त्यांनी आपल्या दुःखाची तक्रार केवळ अल्लाहजवळ केली. परंतु त्याच याकूब (अ.) यांनी मुलांना बजावले की जा, शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका (सूरह यूसुफ, 12:87). पुढच्याच आयतीत ती मुले इजिप्तच्या अधिकाऱ्यापुढे उभी राहून आपल्या कुटुंबावर आलेली आपत्ती सांगतात आणि धान्याचे पूर्ण माप मागतात. म्हणजे ज्या घरात सुंदर सब्र होते, त्याच घरात प्रयत्न होता, अधिकाऱ्याकडे जाणे होते आणि आपली अडचण स्पष्ट शब्दांत मांडणेही होते. हृदयाने अल्लाहच्या निर्णयावर राजी राहणे आणि हातापायांनी मार्ग शोधणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी नाहीत. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास सांगितले आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले (तिर्मिजी).

जखमी माणसाच्या मनाला सर्वांत जास्त खाणारा विचार म्हणजे आपण आता घरावर भार झालो. हा विचार ईमानाच्या प्रकाशात तपासून पाहावा. आजारी पडलेल्या माणसाच्या नावे तो निरोगी असताना जी सत्कृत्ये करत होता, त्यांचे पुण्य नोंदले जात राहते, अशी शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे (बुखारी). कुटुंबासाठी हलाल कमाई हेही सत्कृत्यच आहे. ज्या हाताने वर्षानुवर्षे घराला घास दिला, तो हात प्लास्टरमध्ये असताना अल्लाहच्या दरबारात रिकामा मानला जात नाही. नमाज बसून, तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून अदा करण्याची मुभा आहे, आणि पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे. जो धर्म इबादतीत जखमी माणसाला इतकी सूट देतो, तो त्याने अर्धवट बऱ्या झालेल्या हाताने घाईने यंत्रावर परत जावे, असे कसे सांगेल? शरीराचाही माणसावर हक्क आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. वैद्यांनी सांगितलेली विश्रांती पूर्ण घेणे हा त्या हक्काचाच भाग होय.

पहिला आधार : हक्क

मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे (इब्ने माजा). दुसऱ्या एका हदीसमध्ये अल्लाह ज्या तिघांविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः फिर्यादी असेल, त्यांत मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याचा मोबदला न देणारा मनुष्य आहे (बुखारी). माणसाच्या अवयवाला झालेल्या हानीचे मोल असते, हेही शरीअतने चौदाशे वर्षांपूर्वी ठरवून दिले. अवयवांच्या दियतीची नियमावली प्रेषितांनी (स.) लिहवून घेतली होती, तिच्यात प्रत्येक बोटामागे दहा उंट सांगितले आहेत, आणि करंगळी व अंगठा यांचे मोल समान ठेवले आहे. ज्या काळी मजुराच्या बोटाला कोणी किंमत देत नसे, त्या काळी एका बोटाचे मोल दहा उंट ठरले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

येथे एक शंका येते. दियत ही दुसऱ्याच्या हातून झालेल्या इजेसाठी असते. मग मालकाचा प्रत्यक्ष दोष नसताना त्याच्याकडून भरपाई घेणे योग्य आहे काय? याचे उत्तर करारात आहे. मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, हा हदीसमधील सर्वमान्य नियम आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). देशात कामगार ठेवणारा प्रत्येक मालक देशाच्या कायद्याखालीच कामगार ठेवतो. त्यामुळे कायद्याने ठरवलेली भरपाई ही नोकरीच्या अटींचाच भाग ठरते. ती मागणे भीक मागणे नव्हे, आणि ती देणे उपकार नव्हे.

भारतात कामगाराच्या इजेची भरपाई देणारा कायदा 1923 मध्ये झाला. त्याची मुख्य तत्त्वे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आली आहेत. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. तात्पुरते अपंगत्व असेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम मिळते. म्हणजे 12,000 रुपये पगार असणाऱ्याला महिन्याला साधारण 6,000 रुपये मिळतात. इजेवरील प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्चही मालकानेच द्यावयाचा असतो. अंगठा किंवा बोटे कायमची गेली, तर कमाईची क्षमता किती टक्के घटली याचे कोष्टक कायद्यातच आहे. अंगठा गेल्यास 30 टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के घट धरली जाते. ही टक्केवारी, वेतन आणि वयानुसार ठरलेला गुणक यांवरून एकरकमी भरपाई काढतात.

ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा हप्ता कापला जातो, त्यांना भरपाई मालकाऐवजी त्या योजनेतून मिळते. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार या योजनेत येतात. त्यांना कामावरील इजेनंतर अपंगत्व असेपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते आणि उपचार ईएसआय रुग्णालयात होतात. नोकरीला लागून अगदी थोडे दिवस झाले असले, तरी कामावरील इजेसाठी हा लाभ नाकारला जात नाही. म्हणून पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे की नाही, हे प्रत्येकाने आजच पाहून ठेवावे.

कायदा माहीत असूनही हक्क बुडतो, तो बहुधा कागद नसल्यामुळे. देवाण-घेवाणीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश देणारी आयत (2:282) ही कुरआनची सर्वांत मोठी आयत आहे. लिहून ठेवण्याची हीच सवय येथे उपयोगी पडते. जखमी माणूस खाटेवर असताना घरातील जबाबदार व्यक्तीने पुढील गोष्टी कराव्यात :

1. अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि काम लिहून मालकाला अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. मुकादमाला तोंडी सांगून थांबू नये.

2. रुग्णालयात दाखल करतानाच इजा कामावर झाली, हे खरे कारण केस पेपरवर लिहवून घ्यावे. घरी पडलो असे सांगा, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ते असत्य आहे, आणि पुढे हक्क बुडवणारेही आहे.

3. केस पेपर, एक्स-रे, औषधांची बिले आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत जपून ठेवावे. हजेरी कार्ड, पगाराची पावती किंवा बँकेचे पासबुक त्यासोबत असावे.

4. अपघात पाहणाऱ्या सहकाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. साक्ष लपवणे हे पाप आहे (2:283), याची त्यांना नम्रपणे आठवण द्यावी.

5. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. थोडे पैसे हातावर ठेवून यापुढे माझा काही हक्क नाही असे लिहून घेतले, तरी असा हक्क सोडण्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनीही निराश होऊ नये. ज्याच्या व्यवसायासाठी ठेकेदार काम करवून घेतो, त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. दाव्याची मुदत सामान्यतः 2 वर्षांची आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. औद्योगिक कामगाराला आणि स्त्रियांना मोफत कायदेशीर साहाय्य देण्याची तरतूद 1987 च्या कायद्यात आहे. बांधकामावरील कामगारांची राज्यात स्वतंत्र कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते; वर्षात 90 दिवस बांधकामाचे काम केलेल्या 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगाराने ती अपघातापूर्वीच करून घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तेथील समाजसेवकाला भेटून ही सोय मागून घ्यावी.

हक्क मागताना मात्र सत्याची मर्यादा ओलांडू नये. इजा वाढवून सांगणे, बरे झाल्यावरही दाखला लांबवणे, किंवा खोटी बिले जोडणे हे एकमेकांचा माल अन्यायाने खाण्यासारखे आहे, आणि कुरआनने ते निषिद्ध केले आहे (2:188). दुसरी बाब व्याजाची. मालकाने महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर कायदा त्यावर 12 टक्के व्याज लावतो. आपल्या हक्काची मूळ भरपाई निःशंकपणे घ्यावी. व्याज म्हणून आलेली रक्कम वेगळी ठेवून आपल्या मसलकच्या मुफ्तींना विचारावे. व्याजाची रक्कम हाती आलीच, तर ती स्वतःसाठी न वापरता सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूला द्यावी, असे सर्वसाधारण मार्गदर्शन उलमा करतात.

दुसरा आधार : घर आणि आप्त

हक्काचा पैसा मिळायला वेळ लागतो. तोपर्यंतचे महिने घराला एकत्र बसून काढावे लागतात. कर्त्या पुरुषाने संकोच सोडून पत्नी आणि मोठी मुले यांच्यापुढे खरा हिशोब मांडावा. भाडे, धान्य, औषध आणि मुलांचे शिक्षण हे चार खर्च आधी. बाकी सर्व नंतर. लग्नाच्या देण्याघेण्याचे आणि सणाच्या कपड्यांचे खर्च पुढे ढकलता येतात. शाळेतून काढलेले मूल मात्र बहुधा परत शाळेत जात नाही. म्हणून मुलाला कामाला लावण्याचा विचार सर्वांत शेवटीही मनात आणू नये. फी भरण्यास मुदत मिळावी, असा अर्ज शाळेला करता येतो.

पत्नीची कमाई आणि तिचे दागिने हे तिचे स्वतःचे आहेत. महर तर कुरआननेच तिच्या मालकीचा ठरवला आहे. तिने खुशीने दिला तरच पतीने तो वापरावा (सूरह अन्-निसा, 4:4). घरात अडचण आहे म्हणून तिच्या गळ्यातील सोने हक्काने उतरवून घेण्याचा अधिकार पतीला किंवा सासरच्यांना नाही. मात्र तिने स्वेच्छेने हात दिला, तर तिचे पुण्य मोठे आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांची पत्नी ह. जैनब (र.) यांनी आपल्या पतीवर आणि आश्रयातील अनाथांवर खर्च करण्याबद्दल विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना दुहेरी पुण्य सांगितले: एक नात्याचे आणि दुसरे दानाचे (बुखारी, मुस्लिम). ज्या पतीला पत्नीच्या शिलाईच्या किंवा डब्याच्या कमाईवर काही महिने घर चालल्याने लाज वाटते, त्याने ही हदीस आठवावी. पत्नीची ती कमाई पतीवर खर्च होते तेव्हा तो अपमान नसतो, दान असते.

भावाबहिणींनीही बोलावण्याची वाट पाहू नये. ह. अबू मूसा (र.) यांच्या अशअरी कबिल्याची प्रेषितांनी (स.) प्रशंसा केली होती. त्यांच्याकडे धान्य संपत आले की सर्व जण आपल्याजवळ असेल ते एका कापडावर आणून ठेवत आणि समान वाटून घेत (बुखारी, मुस्लिम). आजच्या भाषेत सांगायचे, तर एका भावाने किराणा, दुसऱ्याने औषध, बहिणीने एका मुलाची फी, असे ठरवून घेतले की कोणावरही भार पडत नाही.

तिसरा आधार : कर्ज, पण व्याजाशिवाय

कर्ज घेणे हराम नाही. प्रेषितांचे (स.) देहावसान झाले, तेव्हा त्यांचे चिलखत तीस साअ जवाच्या बदल्यात एका यहुदी व्यक्तीकडे गहाण होते (बुखारी). परंतु ते कर्जापासून अल्लाहचे संरक्षणही मागत असत. कारण कर्जदार बोलतो तेव्हा खोटे बोलतो, वचन देतो तेव्हा मोडतो, असे त्यांनी सांगितले. म्हणून कर्ज कमीत कमी, लेखी आणि बिनव्याजी असावे.

सोने तारण ठेवून व्याजी कर्ज घेण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. दागिना परत मिळेल, या आशेने माणूस व्याज भरत राहतो आणि शेवटी दागिनाही जातो. पत्नी राजी असेल, तर एखादा दागिना विकून टाकणे हे व्याजाच्या पापापेक्षा आणि नुकसानीपेक्षा पुष्कळ चांगले. दुकानदार आणि घरमालक यांना स्वतः जाऊन भेटावे, खरी परिस्थिती सांगावी आणि मुदत मागावी. तोंड लपवल्याने विश्वास जातो. बोलल्याने तो टिकतो. ज्यांच्याकडे मुदत मागितली जाते, त्यांच्यासाठी कुरआनचा आदेश स्पष्ट आहे की अडचणीतील कर्जदाराला सुस्थिती येईपर्यंत सवलत द्यावी, आणि माफ करणे तर अधिक चांगले (2:280).

भरपाईची एकरकमी रक्कम आली, की त्यातून आधी ही कर्जे फेडावीत. मोठी रक्कम हातात येताच लग्नकार्य किंवा गाडी काढण्याचा मोह होतो. हात पूर्वीसारखा चालणार नसेल, तर ही रक्कम म्हणजे उद्याच्या उपजीविकेचे भांडवल आहे. बसून करता येणारा एखादा धंदा किंवा नवे कौशल्य यांसाठी ती राखून ठेवावी.

चौथा आधार : जकात घेण्याचा संकोच

ज्याने आयुष्यभर जकात-सदका दिला, त्याला घेण्याची वेळ आली की मन तयार होत नाही. स्वाभिमान ही चांगली गोष्ट आहे. जे लोक याचना टाळतात आणि म्हणून अनोळखी माणसाला संपन्न वाटतात, त्यांची कुरआनने दखल घेतली आहे (2:273). पण त्याच आयतीत अशा लोकांवर खर्च करा, असे समाजाला सांगितले आहे. ह. कबीसा (र.) यांना प्रेषितांनी (स.) समजावले की याचना तिघांनाच योग्य आहे. ज्याने इतरांसाठी आर्थिक जबाबदारी उचलली आहे तो, ज्याची मालमत्ता आपत्तीने नष्ट झाली तो, आणि ज्याच्या हलाखीची साक्ष त्याच्याच समाजातील तीन समंजस माणसे देतात तो. आणि तीही निर्वाहापुरतीच (मुस्लिम). अपघाताने उत्पन्न बंद झालेले घर निर्वाहापुरती मदत मागते, तेव्हा ते मर्यादा ओलांडत नाही.

जकातीचे आठ हकदार सूरह अत्-तौबामध्ये सांगितले आहेत (9:60). त्यांत निर्धन, गरजू आणि कर्जबाजारी हे तिघे आहेत; जखमी कामगार यांपैकी एकात सहज येऊ शकतो. हनफी मसलकनुसार गरजेच्या वस्तू वगळून निसाबाइतकी, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीची मालमत्ता नसणारा जकात घेऊ शकतो. राहते घर, भांडी आणि कामाची हत्यारे यांत मोजली जात नाहीत, आणि पत्नीचे दागिने पतीच्या मालकीचे धरले जात नाहीत. कोकणातील आपल्या बहुसंख्य शाफई बांधवांकडे निसाबापेक्षा निर्वाहाला पुरेसे आहे की नाही, हे पाहिले जाते. गरजू भावाला किंवा बहिणीला जकात देता येते, आणि देताना ती जकात आहे असे बोलून दाखवणे आवश्यक नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून ही सोय आहे.

मालकांशी आणि जमाअतीशी दोन शब्द

आपल्या वाचकांत लहान कारखानदार, ठेकेदार आणि दुकानदारही आहेत. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला आपल्या देखरेखीखालील माणसांविषयी विचारले जाईल, हे प्रेषितांचे (स.) वचन त्यांनाही लागू आहे. ह. उमर (र.) यांनी एका वृद्ध यहुदी माणसाला भीक मागताना पाहिले, तेव्हा त्याच्या तारुण्यात त्याच्याकडून घेत राहून म्हातारपणी त्याला सोडून देणे न्याय्य नाही, असे सांगून त्यांनी बैतुलमालमधून त्याचा निर्वाह बांधून दिला. इमाम अबू यूसुफ यांनी ही घटना नोंदवली आहे. ज्याच्या ताकदीवर आपला माल तयार झाला, त्याला ताकद जाताच दाराबाहेर करणाऱ्या मालकाने हा प्रसंग वारंवार आठवावा. यंत्राला संरक्षक जाळी बसवणे, परांचीवर पट्टा आणि शिरस्त्राण देणे, ईएसआयचा हप्ता वेळेवर भरणे हीदेखील अमानत आहे.

प्रत्येक मशिदीच्या जमाअतीने निदान एक सुशिक्षित तरुण असा ठेवावा, जो जखमी कामगाराच्या घरी जाऊन अर्ज लिहून देईल, कागद जमवेल आणि कार्यालयात सोबत जाईल. शंभर रुपये हातावर ठेवण्यापेक्षा ही सोबत अनेकदा अधिक मोलाची ठरते. आजाऱ्याची विचारपूस करणे हा मुसलमानावर मुसलमानाचा हक्क आहे. ती विचारपूस फळांच्या पिशवीपाशी थांबू नये.

घरी बसून विचार करण्यासाठी

- आपल्या घरातील कमावत्या माणसाचे ईएसआय कार्ड, पगाराची पावती आणि नोकरीचा पुरावा कोठे आहे, हे घरातील दुसऱ्या कोणाला माहीत आहे काय?

- आपल्या मोहल्ल्यात गेल्या वर्षी कोणाला कामावर इजा झाली? त्याच्या घरी आज चूल कशी पेटते, हे आपल्याला माहीत आहे काय?

- आपण कोणाला काम देत असू, तर इजा झाल्यास त्याचे काय होईल, हे आपण त्याच्याशी आधी ठरवले आहे काय?

प्रत्येक सजीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतली आहे (सूरह हूद, 11:6). ती उपजीविका कधी हाताच्या कष्टातून येते, कधी हक्काच्या कागदातून, कधी भावाच्या खिशातून. दार बदलते, देणारा एकच आहे. अल्लाह सर्व जखमी कष्टकऱ्यांना पूर्ण आरोग्य देवो, त्यांच्या घरांना व्याजापासून आणि लाचारीपासून वाचवो, आणि आपणा सर्वांना हक्क मागण्याचे धैर्य व हक्क देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.